दान द्यावें, पण कोणाच्या हातीं?



गेल्या दहा-बारा वर्षांत दान मागण्याची एक नवी रीत आपल्या देशांत रूढ झाली आहे, आणि ती आतां खेडोपाडीं येऊन पोहोंचली आहे. पूर्वीं मागणारा दारांत उभा राही. त्याचा चेहरा दिसे, त्याचें गांव विचारतां येई, आणि तो खोटें बोलत असला तर शेजारचा कोणी तरी तें सांगे. आतां मागणारा मोबाईलच्या कांचेवर येतो. नाकांत नळ्या घातलेल्या बालकाचें चित्र, त्याखालीं आईच्या नांवानें लिहिलेलीं चार वाक्यें, इस्पितळानें सांगितलेली रक्कम, आतां तीनच दिवस उरले आहेत अशी सूचना, आणि जेथें बोट ठेवतांच पैसे जातील अशी एक खूण. हें सर्व वाचावयास अर्धें मिनिट लागतें. द्यावें कीं न द्यावें ह्याचा निर्णयहि तेवढ्याच वेळांत व्हावा अशीच त्याची रचना असते.

विचुंबे हें पनवेल तालुक्यांतील गाढी नदीकांठचें गांव. जेथें भातशेती होती तेथें आतां इमारती उभ्या आहेत, आणि जुन्या गांवकऱ्यांच्या शेजारीं परजिल्ह्यांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें राहतात. रोजंदारीवर जाणारा असो, कारखान्यांत पाळी करणारा असो कीं रिक्षा चालविणारा असो, मोबाईल सर्वांच्या हातीं आहे. रविवारच्या उपासनेची वेळ कळविण्यासाठीं मंडळीनें व्हॉट्सॲपवर जो गट केलेला असतो, त्याच गटावर हे मदतीचे निरोपहि येऊन पडतात. आणि मंडळीचा गट म्हटला म्हणजे त्यावर आलेली गोष्ट खरीच असणार असें साध्या माणसांस वाटतें.

ह्या भागांतील एका उपदेशकानें आम्हांस असा प्रश्न घातला: "पाळकसाहेब, मागणाऱ्यास द्यावें अशी आपणांस आज्ञा आहे, तो खरा कीं खोटा हें पाहण्याची आज्ञा कोठें आहे? आपण देऊन मोकळें व्हावें. तो खोटा असला तर त्याचा जाब त्यानें द्यावा." प्रश्न प्रामाणिक आहे, आणि पुष्कळांच्या मनांतला आहे. त्यास एका वाक्यांत उत्तर देतां येण्याजोगें नाहीं, म्हणून येथें थोडें विस्तारानें लिहितों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, अनेकांनीं थोडें थोडें देऊन मोठें कार्य उभें करावें ही कल्पना परकी नाहीं व नवीहि नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे ह्यांनीं महाराष्ट्रांत पैसा फंड काढला. माणशीं एक पैसा, इतकीच मागणी. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठिंबा दिला, आणि त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. ज्यानें पैसा दिला त्यास तळेगांवास जाऊन भट्टी पेटलेली पाहतां येत होती. ही गोष्ट लहान नाहीं. देणारा गरीब होता, पण तो आंधळेपणानें देत नव्हता.

देणारा समुद्रापलीकडे असला तर काय करावें ह्याचेंहि उदाहरण आपल्याच घरांत आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेंत असतां १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन शहरीं त्यांच्या कार्यासाठीं एक संस्था स्थापन झाली, आणि तिनें दहा वर्षें साह्य करण्याचें वचन दिलें. गांवोगांवीं लहान मंडळें निघून वर्षाकांठीं थोडथोडी वर्गणी गोळा होऊं लागली. देणाऱ्या बहुतेक स्त्रियांनीं हा देश कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. १८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदासदन उघडलें. परंतु पैसा पाठविला म्हणजे आपलें काम संपलें असें बोस्टनच्या मंडळींनीं मानिलें नाहीं. येथें सल्लागार नेमले होते, व त्यांत न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांसारखे गृहस्थ होते. पुढें १८९३ सालीं सदनांतील मुलींच्या धर्माविषयीं वाद माजला आणि हे गृहस्थ उघडपणें बाहेर पडले. त्या वादांत कोणाची बाजू बरोबर होती हें ठरविण्याची ही जागा नव्हे. पाहण्यासारखें हें कीं, देणारे हजारों कोस दूर असूनहि येथें काय चाललें आहे हें पाहणारे दुसरे डोळे होते, आणि ते डोळे घेणाऱ्याच्या मर्जीनें मिटणारे नव्हते. अशा देखरेखीनें रमाबाईंची थोरवी तिळमात्र कमी झाली नाहीं. खऱ्या माणसास हिशेब देण्याची लाज वाटत नाहीं. वाटलाच तर आधार वाटतो.

तेव्हां दूरच्या व अनोळखी माणसास देऊं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. शिवाय, आजारी माणसाच्या घरच्यांनीं परक्यांपुढें पदर कां पसरावा, हेंहि समजून घेतलें पाहिजे. २०२१ सालच्या आरंभीं मुंबईच्या एका तान्ह्या मुलीची हकीकत सर्व वर्तमानपत्रांत आली होती. तिला स्नायू दुबळे करणारा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग होता. त्यावरचें औषध एकदांच टोंचावयाचें, पण परदेशाहून आणावयाचें, आणि त्याची किंमत सुमारें सोळा कोटी रुपये. कोणत्या बापाच्या पगारांतून तें यावें? आईबापांनीं लोकांकडे मागितलें, लोकांनीं दिलें, केंद्र सरकारनें सुमारें सहा कोटींचे कर माफ केले, आणि फेब्रुवारी महिन्यांत त्या बालिकेस तें औषध मिळालें. ज्यांनीं शंभर-शंभर रुपये पाठविले त्यांनीं चांगलें केलें.

त्याच वर्षीं पुण्याजवळच्या भोसरीच्या एका मुलीसाठींहि असेच सोळा कोटी जमले. जूनांत तिला औषध टोंचलें, आणि १ ऑगस्टला ती वारली. त्या वेळीं कित्येक म्हणाले कीं पैसे फुकट गेले. आम्हांस तसें वाटत नाहीं. औषध खरें होतें, रोग खरा होता, पैसा ज्या कामासाठीं दिला त्याच कामीं लागला. मूल जगेल असें वचन देणाऱ्यास कोणी दिलें नव्हतें. दानाचें फळ आपल्या हातीं नसतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. बीं पेरलें तरी पाऊस त्याचा नव्हे. पण पेरतांना पोत्यांत बीं आहे कीं वाळू हें पाहणें मात्र त्याच्याच हातीं असतें. ह्या दोन गोष्टींची गल्लत होतां कामा नये. परिणाम वाईट झाला म्हणून दान चुकलें असें होत नाहीं. आणि हेतु चांगला होता म्हणून डोळे मिटून दिलेलें दान बरोबर होतें असेंहि होत नाहीं.

आतां वाळूचीं पोतीं कशीं असतात तें पाहूं. २०२० च्या मार्चांत करोनाची साथ पसरली आणि प्रधानमंत्र्यांच्या नांवाचा मदतनिधि उघडण्यांत आला. त्याच्या पैसे पाठविण्याच्या पत्त्यांत शेवटीं 'एस' हें इंग्रजी अक्षर होतें. थोड्याच दिवसांत तेवढें एकच अक्षर गाळून केलेला दुसरा पत्ता लोकांत फिरूं लागला, आणि तो खोटा असल्याचें दिल्ली पोलिसांनीं जाहीर केलें. देशावर संकट आलेलें, माणूस घरांत कोंडलेला, कांहीं तरी द्यावें असें मनांत दाटून आलेलें. अशा वेळीं एका अक्षराकडे कोण पाहतो? चोरानें तेंच हेरलें होतें. लोभ्यास फसविण्यासाठीं चोर लोभ दाखवितो, तशी दयाळूस फसविण्यासाठीं तो दया जागी करतो.

दुसरी हकीकत अमेरिकेंतली आहे. २०१७ सालीं तेथील एका जोडप्यानें अशी गोष्ट प्रसिद्ध केली कीं, रात्रीच्या वेळीं रस्त्यावर मोटारीचें पेट्रोल संपलें असतां एका बेघर माजी सैनिकानें आपल्याजवळचे शेवटचे वीस डॉलर देऊन त्या बाईस मदत केली. तरी त्या भल्या माणसास घर मिळावें म्हणून सर्वांनीं हातभार लावावा. सुमारें चौदा हजार लोकांनीं मिळून चार लाख डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली. पुढें त्या बेघर माणसाचा व जोडप्याचा पैशावरून तंटा झाला, तेव्हां उघडकीस आलें कीं पेट्रोलची गोष्टच मुळीं रचलेली होती, आणि तिघेहि तींत सामील होते. पुष्कळसा पैसा चैनींत व जुगारांत उडाला होता. तिघांवर खटले होऊन गुन्हे शाबीत झाले. ज्या कंपनीच्या मार्फत पैसे गोळा झाले होते तिनें देणाऱ्यांचे पैसे परत केले, हें त्यांचें नशीब. प्रत्येक वेळीं असें होत नाहीं. आमच्या वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं ती गोष्ट सुंदर होती. विधवेच्या दोन दमड्यांची आठवण व्हावी इतकी सुंदर होती. म्हणूनच ती खपली.

तिसरी गोष्ट मात्र निराळी आहे, आणि आमच्या मतें हींतूनच सर्वांत अधिक शिकण्यासारखें आहे. २०२० च्या ऑक्टोबरांत दिल्लीच्या मालवीय नगरांतील 'बाबा का ढाबा' ह्या लहानशा खानावळीचें चलच्चित्र एका तरुणानें प्रसिद्ध केलें. साथीमुळें गिऱ्हाईक नाहीं म्हणून म्हातारा मालक डोळे पुसतो आहे, असें त्यांत दिसत होतें. दुसऱ्या दिवशीं खानावळीपुढें रांगा लागल्या आणि देशभरांतून पैसा आला. महिना पुरता झाला नाहीं तोंच म्हाताऱ्यानें पोलिसांत तक्रार केली कीं त्या तरुणानें पैशांत अफरातफर केली. तरुणानें तें नाकारलें. म्हाताऱ्यानें मोठें उपाहारगृह काढलें, तें दोन-तीन महिन्यांत बंद पडलें, आणि तो पुन्हा आपल्या जुन्या टपरीवर आला. पुढें २०२१ सालीं त्यानें त्या तरुणाची जाहीर माफी मागितली. तो मुलगा चोर नव्हे, असें तो म्हणाला. येथें लबाड कोण होता? कदाचित् कोणीच नव्हतें. पण दान कोणाच्या खात्यांत जावें, त्याचा हिशेब कोणीं ठेवावा, किती झाल्यावर मागणें थांबवावें, हें आधीं कोणीं ठरविलें नव्हतें. आणि तेवढ्यानें उपकार करणारा व उपकार झालेला ह्या दोघांचीहि अब्रू चव्हाट्यावर आली. हिशेब नसलेला पैसा चांगल्या माणसांसहि एकमेकांचे वैरी करतो, हें आपल्या मंडळ्यांतील जुन्या पंचांस वेगळें सांगणें नलगे.

पनवेलकरांस तर पैशाच्या विश्वासाविषयीं धडा बाहेरून आणावयाचें कारण नाहीं. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें २०२१ च्या ऑगस्टांत रद्द केला, तेव्हां ह्या तालुक्यांतील किती घरांत चूल थंड झाली असेल! तरीहि ठेवीदारास पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण असतें. दान देणाऱ्यास तसलें कांहीं नसतें. त्याच्यापाशीं पुस्तक नाहीं, पावती असली तर असली, आणि तो कोणाच्या दारीं जाऊन मागणार? म्हणून ठेव ठेवतांना जितकी सावधगिरी, तिच्याहून अधिक ती दान देतांना हवी. आपण मात्र नेमकें उलट करतों. शंभर रुपयांची भाजी घेतांना तराजूचा कांटा पाहतों, आणि पांचशे रुपयांचें दान देतांना नांवहि पाहत नाहीं.

आतां उपदेशकाच्या प्रश्नाकडे येऊं. मागणाऱ्याची चौकशी करण्याची आज्ञा कोठें आहे, असें त्यानें विचारलें. पौलानें यरुशलेमांतील गरिबांसाठीं जी वर्गणी गोळा केली तिची हकीकत त्यानें पुन्हा वाचावी. देणारे मासेदोनियांत व करिंथांत, घेणारे समुद्रापलीकडे, मधला पैसा नेणारा एक प्रवासी प्रेषित. आजच्या लोकवर्गणीसारखाच तो प्रसंग. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयीं कोणास शंका नव्हती. तरी त्यानें करिंथकरांस कळविलें कीं, तुम्हींच आपल्यांतून माणसें पसंत करा, त्यांच्याजवळ पत्रें देऊन त्यांना पाठवूं. आणि दुसऱ्या पत्रांत तीताबरोबर आणखी बंधु कां पाठविले ह्याचें कारण त्यानें स्पष्ट सांगितलें: एवढ्या मोठ्या रकमेच्या कामीं आपणांवर कोणीं ठपका ठेवूं नये, आणि गोष्ट देवापुढेंच नव्हे तर माणसांपुढेंहि चोख दिसावी. पौलास जर आपल्यावर दुसऱ्यांचे डोळे असावेसे वाटले, तर मोबाईलवरून आलेल्या अनोळखी माणसाची चौकशी करणें हा प्रीतीचा अभाव कसा ठरेल? आणखी असें कीं, ही वर्गणी त्यानें घाईनें उकळली नाहीं. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें बाजूस काढून ठेवावें, असें त्यानें सुचविलें. तीन दिवसांची मुदत घालून त्यानें कोणास घाबरविलें नाहीं.

"आम्ही देवास दिलें, पुढचें तो पाहील," असें म्हणणारा मनुष्य एक गोष्ट विसरतो. त्याच्याजवळचे पांचशे रुपये एकदांच खर्च होतात. ते लबाडाच्या हातीं गेले म्हणजे जो खरोखर खाटेवर पडला आहे त्याच्या हातीं गेले नाहींत. फसलेला दाता आपलें नुकसान सोसावयास तयार असेल, आणि तें त्याचें मोठेपण. परंतु नुकसान त्याचें एकट्याचें नसतें. शिवाय एकदां फसलेलें गांव पुढच्या खऱ्या मागणाऱ्यासहि हुसकून लावतें. खोट्या रोग्याचें सर्वांत मोठें पाप हें कीं तो खऱ्या रोग्याचें तोंड बंद करतो. आणि त्याला पहिली वाट आपल्या भोळेपणानें करून दिलेली असते.

ह्याहून अधिक बिकट गोष्ट देण्याची नसून पुढें पाठविण्याची आहे. पुष्कळ बंधु म्हणतात, "आमच्याजवळ द्यावयास पैसा नाहीं, निदान निरोप चार ठिकाणीं धाडावा, तेवढेंच पुण्य." त्यांनीं विचार करावा. पाळक, उपदेशक, शाळामास्तर किंवा पंच ह्यांच्या नांवानें निरोप आला म्हणजे वाचणारा निरोपावर नव्हे, पाठविणाऱ्यावर विश्वास ठेवतो. तेव्हां पुढें पाठविणें म्हणजे साक्ष देणें होय. जें आपण पाहिलें नाहीं, विचारलें नाहीं, त्याविषयीं शंभर माणसांपुढें साक्ष देणारा मनुष्य खोटा नसेल. पण तो खऱ्या साक्षीदारांतहि बसत नाहीं. दहा आज्ञा मुलांकडून पाठ करून घेणाऱ्यांनीं तरी नववी आज्ञा मोबाईलला लागू नाहीं असें समजूं नये. आमच्या पाहण्यांत असाहि एक निरोप आला आहे कीं ज्यावर तारीख नव्हती, इस्पितळाचें नांव अर्धवट होतें, आणि दिलेला क्रमांक लावला असतां तो बंद होता. तरी तो तीन मंडळ्यांच्या गटांवर "ताबडतोब पाठवा" म्हणून फिरत होता. त्या मुलाचें पुढें काय झालें, तें बरें झालें कीं वारलें, कीं तें कधीं नव्हतेंच, हें पाठविणाऱ्यांपैकीं कोणासहि सांगतां येईना.

चौकशी कशी करावी ह्यास फार विद्या लागत नाहीं. रोगी कोणत्या इस्पितळांत आहे हें पहावें, आणि इस्पितळाचा क्रमांक निरोपांतला न घेतां स्वतंत्रपणें मिळवून तेथें विचारावें. इस्पितळ रोगाची खासगी माहिती देणार नाहीं, व देऊंहि नये. पण ह्या रोग्याच्या खात्यांत पैसे भरतां येतील काय, एवढें तें सांगूं शकेल. पैसे शक्यतों इस्पितळाच्याच खात्यांत भरावे. कोणा 'मित्राच्या' अथवा 'चुलत्याच्या' खात्याची मागणी झाली तर तो मित्र कोण हें आधीं पहावें. केट्टो, मिलाप, इम्पॅक्ट गुरू अशा ज्या कंपन्या वर्गणीची व्यवस्था पाहतात त्यांच्या पानावर इस्पितळाचे कागद लावलेले असतात, ते वाचावे. तारीख, नांव व रक्कम ह्यांचा एकमेकांशीं मेळ आहे कीं नाहीं हें दहावी शिकलेलें मूलहि पाहील. पैसे भरतांना कांहीं ठिकाणीं कंपनीसाठीं म्हणून आणखी थोडी रक्कम आधींच जोडलेली असते. ती ऐच्छिक असते, व कमी करतां येते. तें न पाहतां पुढें जाऊं नये. संस्था मागत असेल तर ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय हें विचारावें. प्राप्तिकरांत जी सूट मिळते ती नोंदलेल्या व मान्यता असलेल्या संस्थेस दिलेल्या दानावर मिळते, एकट्या माणसाच्या आजारासाठीं दिलेल्या पैशावर नव्हे; तेव्हां एखादा मनुष्य स्वतःच्या खात्यांत पैसे मागून वर करसवलतीचें आमिष दाखवूं लागला तर तेथेंच ओळखावें. अत्यंत दुर्मिळ रोगांसाठीं तर केंद्र सरकारनें २०२१ च्या धोरणाप्रमाणें स्वतःच लोकवर्गणीची सोय केली आहे. तींत पैसा नेमलेल्या इस्पितळांकडे जातो, आणि मुंबईचें के.ई.एम. हें त्यांपैकीं एक आहे.

इतकें लिहिल्यावर आम्हांस दुसऱ्या बाजूची भीति वाटते. हा लेख वाचून एखादा बंधु म्हणेल, "बरें झालें, आतां कोणासच द्यावयास नको." सावधगिरीचें नांव घेऊन मूठ आवळणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची चौकशी कधीं पुरी होत नाहीं, कारण ती पुरी व्हावी अशी त्यांची इच्छाच नसते. चौकशीस आरंभ केला तर तिचा शेवटहि केला पाहिजे: खरें ठरलें तर द्यावें, आणि नुसतें न देण्यासाठीं विचारूं नये. शंका घेऊन थांबणारा मनुष्य भोळ्या दात्याहून शहाणा असेल, पण रोग्यास दोघांचाहि उपयोग सारखाच.

आणि मोबाईलवर येणारी दुःखें हींच जगांतलीं सर्व दुःखें नव्हेत, हेंहि विसरतां येत नाहीं. ज्याचा मुलगा इंग्रजींत लिहूं शकतो, ज्याच्या मुलाचें चित्र पाहून डोळे भरून येतात, ज्याचे नातलग शहरांत नोकरीस आहेत, त्याची मागणी दूरवर जाते. कातकरी वाडीवरची क्षयानें खंगलेली बाई कोणाच्याच पडद्यावर येत नाहीं. २०२३ च्या जुलैंत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर रात्रीं दरड कोसळली, तेव्हां त्या वाडीचें नांव महाराष्ट्रानें प्रथम ऐकिलें. तोंवर ती पनवेलपासून इतकी जवळ असूनहि किती जणांस ठाऊक होती? यरुशलेमाच्या पहिल्या मंडळींतहि रोजच्या वांटणींत कांहीं विधवांकडे दुर्लक्ष होई. तेव्हां प्रेषितांनीं केवळ अधिक दान द्या असें सांगितलें नाहीं. वांटणी नीट पाहण्यासाठीं सात माणसें नेमिलीं. कोणाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोंचत नाहीं हें पाहणें, हेंहि दानाचेंच काम आहे.

ह्या कामीं आमच्या उपदेशकांस पैशावांचून पुष्कळ करतां येईल. सरकारची जी आरोग्य योजना आज महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नांवानें चालते ती २०१२ सालीं प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत आपला रायगड होता. पुढें २०२३ सालीं तिची मर्यादा कुटुंबास वर्षाला पांच लाखांपर्यंत वाढविण्याचा व ती सर्व शिधापत्रिकाधारकांस लागू करण्याचा निर्णय झाला. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या इस्पितळांनीं शेंकडा दहा खाटा अगदीं निर्धन रोग्यांसाठीं मोफत व आणखी शेंकडा दहा दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें ठेवाव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानें चालू आहे. हें कित्येक घरांस ठाऊक नसतें. तीं घाबरून प्रथम दागिने विकतात, मग सावकार गांठतात, आणि शेवटीं मुलाचें चित्र मोबाईलवर घालतात. ज्या उपदेशकास हीं दोन नियमांचीं नांवें ठाऊक आहेत व जो शिधापत्रिका, दाखला आणि रोग्याचा बाप ह्यांस बरोबर घेऊन इस्पितळाच्या समाजसेवकापुढें अर्धा दिवस बसतो, त्याच्या त्या अर्ध्या दिवसाची किंमत हजारों रुपयांची आहे.

मुलाचें चित्र घालण्याविषयीं एक शब्द. संकटांतल्या आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. चित्रावांचून कोणी द्रवत नाहीं, हें त्यांस शिकविणारे आपणच आहों. पण रोगानें उघडें पडलेलें शरीर हजारों परक्यांपुढें मांडावें लागणें, ही त्या लेंकराकडून घेतलेली फार महाग किंमत आहे. तें बरें होऊन शाळेंत गेलें तरी तें चित्र मागें राहतेंच. मंडळींतील कोणावर अशी वेळ आली तर चित्राच्या जागीं पाळकाचें व दोन पंचांचें सहीचें पत्र पुरेसें व्हावें, अशी आपली आपसांत ओळख असली पाहिजे. विचुंब्याच्या मंडळीनें पनवेलच्या मंडळीस लिहावें, पनवेलनें अलिबागेस. मध्यें कोणी तरी प्रत्यक्ष खाटेपाशीं जाऊन आलेला असावा. अशा पत्रावर जमलेला पैसा थोडा असेल, पण तो कोठें गेला हें सांगणारा मनुष्य रविवारीं समोर बसलेला असेल.

इतकी काळजी घेऊनहि एखादा बंधु फसेल. त्यानें तें लपवूं नये. खेड्यांत फसलेला मनुष्य चोरापेक्षां अधिक लाजतो, आणि त्या लाजेवर चोराचा धंदा चालतो. अशा फसवणुकीची खबर देण्यासाठीं सरकारनें १९३० हा दूरध्वनि क्रमांक ठेवला आहे, आणि जितक्या लवकर कळवावें तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक. त्याच दिवशीं, शक्य तर त्याच तासांत कळवावें. ज्यास लिहितां वाचतां येत नाहीं त्याच्या बरोबर उपदेशकानें पोलीस ठाण्यापर्यंत जावें. विचुंब्याहून पनवेल दूर नाहीं.